खुणेचा कागद

वाल्पाराइसोच्या बंदरावर मासे विकायची ओब्दूलिया.
डोमिनिकन संघाची, पण मठातली नव्हे;
घरात मी होतो, तीन पोरं, गळका नळ.

दिवेलागणीला
भाव सांगता सांगता स्तोत्र पुटपुटायची.
"मेर्लूसा कशी दिली, बाई?"
ती बोट वर करी:
थांब, एवढी ओळ होऊ दे.

मी चिडायचो.
शब्द मला दिलास की त्यांना?
ती कांदा चिरत राही.

काल मठातून पांढऱ्या झग्यातले सगळे आले,
म्हणाले, आमची बहीण गेली.
आमची.
मी खुर्च्या पुढे केल्या, दुसरं काय करणार.

रात्री तिचं प्रार्थनापुस्तक उघडलं.
पानांना खवले चिकटलेले,
आणि खुणेला
माझी गुत्त्यातली उधारी,
फेडल्याच्या सहीसकट.