नवतपा

पहिला फोन सकाळी साडेसहाला.
"कुलर हवा फेकते, पण थंड नाही फेकत बाई."
मी विचारते, टाकीत पाणी आहे का?
पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा.
मग, "नळ नाही आला, चार रोज झाले."
यावर माझ्या पेटीत पाना नाही.

आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या वर्गात
मी एकटीच पोरगी होती.
सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं:
थंडी नावाची वस्तू नसते.
असते ती उष्णता, इथं कमी, तिथं जास्त.
आपण तिचे हमाल.
इथली उचलायची, तिथं नेऊन टाकायची.
पोरं हसली.
मी ते वहीत उतरवून घेतलं,
मग त्याच वहीनं वारा घेतला.

तहसीलात नवा स्प्लिट, दीड टन,
साहेबांच्या डोक्यामागच्या भिंतीला.
बाहेरच्या डब्यासाठी जागा दाखवली
निंबाखाली, जिथं दाखल्याची रांग लागते.
म्हटलं, इथं नको, इथं माणसं उभी राहतात.
बाबू म्हणाला, माणसं सरकतात.
बसवला. दोन ब्रॅकेट, चार बोल्ट.
दुसऱ्या दिवशी गेली तर रांग वाकली होती,
डब्याच्या फुंकरीपुरती जागा सोडून.
कोणी काही बोलत नव्हतं.
ब्रॅकेटवर माझ्याच हाताचा काळा डाग.

पतसंस्थेतला विंडो एसी माझ्याहून म्हातारा.
मागची जाळी काढली, आत साळुंकीचं घरटं,
तीन चोची, तिन्ही उघड्या.
जाळी परत लावली.
मॅनेजरला सांगितलं, पार्ट नागपूरहून यायचा आहे,
पंधरा दिवस तरी लागतील.
तो रुमालानं मान पुसत म्हणाला,
नागपूरवाले असेच.

जवळ्याच्या गुणवंत राऊतांनी
हळदीच्या पैशात एसी घेतला, एक टन.
त्यांचा बाप खाटेवरून डब्याकडं बघत,
"यवढुसा, अन् टनाचा?"
मी सांगितलं, बाबाजी, टन म्हणजे वजन नाही.
एक टन बर्फ दिवसरात्रीत वितळायला
जेवढी उष्णता लागते,
तेवढी हा या खोलीतून बाहेर काढतो.
म्हातारा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"म्हणजे आंगनात यवढी मोठी लादी,
अन् बैलं चाटून राह्यले."
त्या रात्री म्हणे नऊ माणसं एका खोलीत झोपली,
दाराच्या फटीला धोतर लावून.
म्हातारा तेवढा बाहेर,
लादीजवळ.

मोईनचाचा अजून पत्र्याचेच कुलर ठोकतात.
दुपारी एकला त्यांच्या दुकानात
पत्र्याला हात लावून दाखवा.
त्यांचा हिशेब सरळ:
मे महिन्याची हवा तहानलेली असते,
तिला गवतातून पाणी पाजा,
ती गार होऊन घरात येते.
जुलैत तिचं पोट भरलेलं,
मग कुलर नुसता घाम देतो.
मी म्हटलं, चाचा, हेच आमच्या पुस्तकात आहे, तीन पानं.
ते म्हणाले, मग पुस्तकवाल्यानं
माझ्याकडून कुलर नेला असंल.

आमच्या घरी टिनाचं छप्पर.
कुलर आहे, पंप जळालेला.
लोकांचे पंप बदलून आली
की आपला बदलायला हात उठत नाही.
आई लोट्यानं वाळ्यावर पाणी मारते,
खिडकीशी बसून, एका लयीत,
मध्येच डुलकी लागते तेव्हा
हवेलाच आधी कळतं.

रात्री अकराला फोन. सकाळचाच नंबर.
म्हटलं, आता काय झालं?
"काही नाही झालं. नळ आला.
आयका."
त्यानं फोन कुलरजवळ धरला असावा.
पंपाची घरघर, मग धार,
मग गवतातून खाली
टप, टप, कितीतरी वेळ.

बिलबुक उघडंच होतं मांडीवर.
नाव विचारायचं राहून गेलं.