ओळ संपल्याची खूण

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एक वजनकाटा आहे,
अख्खा ट्रक उभा राहील एवढा.
त्याच्या पोटातून करडी केबल निघते
आणि पत्र्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जाऊन मिळते.
पंधरा वर्षं दोघांचं बरं चाललं होतं.
काटा एकेक अंक बोलायचा, प्रोग्रॅम ऐकायचा,
मध्ये चार हात वायर.

मग ठरलं, वजन बाणेरच्या ऑफिसात दिसलं पाहिजे,
त्याच क्षणी.
"काही नाही गं, थोडंसं अडॅप्ट करायचंय."
थोडंसं म्हणालं कोणी
की मी दोन वेळचा डबा घेऊन निघते.

जुना प्रोग्रॅम वाचला. लिहिणारे कोणी अष्टपुत्रे,
वर टिपण, चक्क मराठीत:
'काट्यावर विश्वास ठेवावा.'
त्यांनी ठेवला होता.
पाच अंक मागितले की पाचच येणार,
या भरवशावर सगळा डोलारा.

मी खालची वायर काढली, सॉकेट लावलं.
वरचं काही हलवलं नाही,
दुधाचं पातेलं तसंच धरून
खालची शेगडी बदलावी तसं.
जुन्याला कळूच नये, आपण आता कुठून पितोय.

मंगळवारी सकाळी बाणेरच्या पडद्यावर
कांद्याचा ट्रक उमटला: बारा किलो.
पाठोपाठ दुसरा: चारशे ऐंशी.
ट्रक एकच होता.
हमाल हसले. ड्रायव्हर म्हणाला,
"बारा किलो तर माझा जॅक आहे, ताई."

गेनभाऊ ढमढेरे हसले नाहीत.
तोलणार. बत्तीस वर्षं यार्डात.
आकडा पडद्यावर आला तरी
तोंडानं म्हटल्याशिवाय पावतीवर उतरवत नाहीत.
"तुटतंय होय?"
तुटत नाही, म्हटलं. सगळं पोचतं, क्रमानं पोचतं.
पण एक वजन कुठे संपलं, दुसरं कुठे लागलं,
ते त्याला माहीत नसतं. त्याला वाहणं तेवढं ठाऊक.
"मग सांगत का नाही त्याला?"

आणि सांगू लागले, त्यांचे वडील मापारी.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन...
रास उपसून झाली की
मापावर फिरवायची फळी जमिनीवर आपटायची.
"तो आवाज येईतो वहीवाला टाक टेकवायचा नाय.
मध्ये कोण शिंकू दे, कोण चहा आणू दे."

तीन दिवस मी मॅन्युअलं चाळत होते.

रात्री धनकवडीत, गॅलरीतला दिवा लावून लिहिलं:
पाच मागितले, दोन आले, तर दोन जपून ठेव.
पुन्हा माग. तीन आले? बरं. खूण आली का?
खूण येईतो आकडा हा आकडा नाही.
आणि गेलेलं मागे वळून वाचता येणार नाही,
ही काही फाइल नव्हे.

मग एक अवघड ओळ.
वाचलं आणि शून्य हाती आलं, तर समोरच्यानं दार लावलं.
पण काहीच हाती आलं नाही, तर
तो गप्प आहे, एवढंच.
अष्टपुत्रेंवर हा फरक करायची वेळ आली नसावी,
चार हात वायरीत ती येत नाही.
किती थांबायचं? तीस सेकंद? साठ?
माझी बहीण हडपसरला राहते.
फेब्रुवारीपासून आमचं असंच आहे,
ना शून्य, ना काही.
साठ लिहिलं. मग नव्वद केलं.

शुक्रवारी लसणाचा ट्रक चढला.
शून्य, नऊ, तीन आले.
पडदा कोराच राहिला, मी श्वास धरून.
चार, शून्य. खूण.
नऊ हजार तीनशे चाळीस, सलग, एका ओळीत.
गेनभाऊंचा फोन: "आलं का?"
आलं.
"लाभ," म्हणाले,
आणि फोन चालू ठेवूनच दुसऱ्या ट्रककडे वळले.

अष्टपुत्रेंचं टिपण मी पुसलं नाही.
त्याखाली माझं लिहिलं:
'ठेवावाच. पण फळी वाजेपर्यंत थांबावं.'