बर्फ पातळ

कुस्तोसने बोलायचं नसतं.
प्रबंधाच्या जाहीर बचावात आमच्याकडे हा नियम:
मार्गदर्शकाने काळ्या पोशाखात मधल्या खुर्चीवर बसायचं,
एक वाक्य उघडताना, एक मिटताना,
मधले तीन तास
हातावर हात ठेवून ऐकायचं.

हिल्का रुओकोलाइनेन बावीस वेळा अशी बसली आहे.
आज शेवटची.
समोर साइमी, तिची तेविसावी,
आणि लिस्बनहून आलेले प्रतिवादी,
ज्यांनी गोठलेला समुद्र काल पहिल्यांदा पाहिला,
पाचवं समीकरण उकरतायत.
मी मागच्या रांगेत. कामाचे बूट,
बुटांखाली वितळलेलं तळं.
मी या मोजदादीत नाही.
सातवा आणि आठवी यांच्या मधे कुठेतरी.

तिचं सगळं काम एका प्रश्नावर उभं आहे:
गोठलेल्या समुद्रावरून ट्रक जातो
तेव्हा खालचं पाणी काय करतं?
बर्फ वाकतो, खाली लाट उठते, ट्रकसोबत धावते.
दोघांचा वेग एकच झाला
की लाटेला ना पुढे पळता येतं, ना मागे राहता येतं.
ती जागच्या जागी साचत जाते
आणि अर्धा मीटर बर्फ कडकन मोडतो.
आमच्या उथळ आखातासाठी तो वेग हिल्कानं काढला,
बॉयलरशेजारच्या खोलीत, एकतिसाव्या वर्षी.
निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला,
चौथ्यानं चौदा महिने उत्तरच दिलं नाही.
आता बेटाच्या हिवाळी रस्त्यावर, पाटीवर,
तिचा आकडा आहे. नाव नाही.

समासात ती 'चूक' असं कधी लिहायची नाही.
बारीक पेन्सिलीनं दोनच शब्द: बर्फ पातळ.
म्हणजे पाय टाकलास,
खाली काय आहे ते पाहिलं नाहीस.
माझ्या तिसऱ्या प्रकरणात ते एकोणीस वेळा होतं.
मी मोजले, आणि खोलीची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली.
"बरं," ती म्हणाली.
मग मी दाराशी पोचल्यावर,
"ड्रिल चालवता येतं का तुला?"

बावीस हिवाळे मी त्या रस्त्याला भोकं पाडतोय.
सकाळी साडेसहाला फोन: "किती?"
"एक्केचाळीस."
"खांबाजवळ?"
"अडतीस. वर चिखल."
खुशाली नाही, हवापाणी नाही,
हवापाणी तर तेच होतं.
त्या आकड्यांवर नऊ जण डॉक्टर झाले.
साइमीच्या पुरवणीत सदतीस पानं माझ्या हातची;
उणे अठ्ठावीसमध्ये लिहिलेले, एकासारखे दिसणारे सात
तिनं एकेक करून विचारून घेतले.

"हे मोजमाप विश्वासार्ह कशावरून?"
प्रतिवाद्यांनी विचारलं.
साइमी थबकली.
कुस्तोसची बोटं खुर्चीच्या कडेवर हलली,
पेन्सिल धरल्यासारखी.
तोंड मिटलेलंच.
घड्याळाचा काटा ऐकू यावा इतका वेळ गेला.
"त्या भोकांत मी हात घातलाय," साइमी म्हणाली,
"कोपरापर्यंत."

रात्रीच्या मेजवानीला मी गेलो नाही.
दहाला हिल्का ट्रकपाशी आली,
लांब काळा झगा, खाली नमद्याचे बूट.
"बेटावर सोड."
मधोमध आल्यावर म्हणाली, "थांब."
"इथे थांबायचं नसतं. पाटी तुझीच आहे."
"थांब."

इंजिन बंद केलं. सकाळच्या भोकावरची खपली फोडली,
टॉर्च मारला.
उभ्या भाराखाली बर्फ सावकाश खचतो,
भोकात पाणी चढतं,
एक बोट, दीड बोट.
सत्तरीला दोन कमी असलेली बाई
गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिली, मनगटावर मिनिटं मोजत.

चौथ्या मिनिटाला म्हणाली,
"तिसऱ्या प्रकरणात तू काळ धरलाच नव्हतास.
बाकी ठीक होतं."

मग गाडीत जाऊन बसली.
"चल. पाणी येतंय."