पोचलात की सांगा

ऐरोलीत, सहाव्या मजल्यावर, रात्री साडेतीनला
मी बुडापेस्टच्या एका गल्लीत उभी असते.
डावीकडे बंद झालेलं औषधांचं दुकान,
उजवीकडे ट्रामचे रूळ,
मधे आपल्याकडचं कुणीतरी,
खिसे चाचपत.

प्रवासविम्याची मदतवाहिनी, अशी नोकरी.
परदेशात रात्र बघायला निघालेली माणसं
रात्र अंगावर आली की मला फोन करतात.
मी सांगते:
पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स खिशात.
ग्लास टेबलावर ठेवून नाचायला जाऊ नका;
गेलात, तर परत आल्यावर तो ग्लास तुमचा नाही.
आधी दरपत्रक मागा.
ज्या बारला दरपत्रक नसतं
त्याला मागचं दारही नसतं.
कुणी दारातून खुणावलं तर हसून नाही म्हणा
आणि चालत राहा, जसं काही
तुमचं घर पुढच्याच वळणावर आहे.

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं.
हे शेवटचं त्यात नव्हतं.
ते घणसोली स्टेशन ते तळवली, क्लास सुटल्यावर,
अकरावीपासून पायी.

पट्टायाहून एक काका:
पाकीट गेलं त्याचं काही नाही,
पण घरी कळणार नाही, हे पॉलिसीत बसतं का?
नाही बसत, म्हटलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

आणि परवा तन्झीला मुजावर, मिरजेची.
मैत्रिणी पुढे गेल्या, ही मागे राहिली,
बॅटरी सहा टक्के.
इंग्रजीत पत्ता सांगता सांगता म्हणाली, अगं आई गं,
आणि मी म्हटलं, बोल.

नकाशा माझ्यासमोर.
जिथे मी कधी जाणार नाही
तिथला प्रत्येक दिव्याचा खांब मला पाठ.
स्क्रीन मंद कर. कानात काही घालू नकोस.
दोनशे पावलांवर बेकरी आहे, रात्रभर उघडी,
तिथे आत जाऊन उभी राहा, काहीही विकत घे.
आणि मागे कुणी आहे असं वाटलं
तर आहेच असं समज,
पुरावा गोळा करत बसू नकोस.

कशाला गेलीस एवढ्या रात्री,
हे मी विचारलं नाही.
तो रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही,
आणि असता तरी.

फोन मेला.
मग पन्नास मिनिटं
मी दुसऱ्यांच्या हरवलेल्या बॅगा लिहून घेतल्या.
एकीचा रंग दोनदा चुकवला.

चार वाजून वीस मिनिटांनी हॉटेलच्या फोनवरून:
ताई, पोचले. बेकरीवाली बाई सोडायला आली दारापर्यंत.
तोंडात काहीतरी होतं तिच्या, पाव असावा.
मग आवाज बदलून:
पण ताई, नदीत ते दिवे काय दिसत होते!
सांगता येत नाही हो.

साडेपाचला आमची गाडी.
शेवटची बाई उतरेपर्यंत पहारेकरी सोबत, असा नियम;
शेवटची बाई नेहमी मीच.
पहारेकरी दशरथ पाटोळे, वय एकसष्ट,
रबाळ्यापर्यंत झोपलेले असतात.
कारखान्यांचा तो आंबूस वास काचेतून आत येतो,
बबन म्हात्रे आरसा नीट करतात, उगीचच.

नदी नाही आमच्याकडे, खाडी आहे.
ती मी रात्री कधी पाहिलेली नाही,
म्हणजे थांबून.

काल म्हटलं, बबनदादा, पुलाकडे घ्या जरा.
पाटोळे जागे झाले. नियमात बसत नाही ताई.
मग स्वतःच उतरले आणि
टपरीवरून तीन चहा घेऊन आले.

पाण्यात पलीकडच्या इमारतींचे दिवे,
थोडे लांबलेले, थोडे तुटलेले.
कठड्यावर ठेवायला जागा होती
तरी ग्लास मी हातातच धरला.

तेवढ्यात कंपनीचा फोन, तो यंत्राचा आवाज:
आपण सुखरूप घरी पोचला असाल तर एक दाबा.

दाबला नाही.
चहा अजून अर्धा होता.