बटाट्याच्या ओळीतला

चौदा फोटोंपैकी पहिल्या सहांत
नुसता बटाट्याचा वाळका पाला आहे.
सातव्यात मांजर.
आठव्यात काहीतरी तपकिरी, अंगठ्याएवढं,
उंदीर म्हणाल तर उंदीर.
मीही आधी तेच म्हटलं होतं
आणि खराटा शोधायला वळले होते.

मग उंदराने पंख उघडले.

ओडवार तीस वर्षं दीपगृहावर होता.
त्याने नववा फोटो पडद्यावर मोठा केला,
आणखी मोठा, पिसांचे चौकोन होईपर्यंत,
मग चष्मा काढून पुसत बसला.
म्हणाला, तोरुन, हा आपल्याकडचा नाही.
हा सैबेरियातला वटवट्या,
आत्ता ब्रह्मदेशाच्या वाटेवर असायला हवा.

नाव वटवट्या,
आणि अख्खी दुपार माझ्या परसात
एक अक्षर बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी हाउगेसुंडच्या बोटीने
एकोणीस माणसं उतरली,
दुर्बिणी, तिपाया, पाठीवर डबे.
ओल्या मोज्यांनी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून
त्यांनी कॉफी प्यायली.
रात्रीतून वारा फिरला होता.
परतीच्या बोटीपर्यंत पाला हलला
तो फक्त मांजरामुळे.
कुणी काही बोललं नाही.
एक पोरगा मात्र निघताना माझ्याकडे असा बघून गेला
जणू मी त्याच्या ताटातलं उचललं होतं.

मग फॉर्म.
अंतर? खिडकीपासून सात पावलं. पावलं माझी.
प्रकाश? कपडे वाळतील इतपत.
असा पक्षी पूर्वी पाहिला आहे का?
पाहिला असेल, उंदीर समजून.
ओडवारने शेवटची दोन्ही उत्तरं खोडायला लावली.
समितीला गंमत चालत नाही म्हणाला.
तिथे त्याने 'पुरेसा' लिहिलं, आणि 'नाही'.

आकार सिद्ध करायचा होता.
म्हणून रविवारी, भर पावसात,
आम्ही दोन म्हातारी माणसं चिखलात ओणवी झालो.
तोच दगड, तीच ओळ,
तो होता तिथे शाळेतली लाकडी फूटपट्टी,
आणि पंधरावा फोटो.
सगळ्यांत स्वच्छ आलेला.
पक्षी सोडून सगळं त्यात नीट दिसतं.

मार्चमध्ये पत्र आलं.
शेपटीच्या टोकाचे पांढरे ठिपके
पिसांचे असतील, पाण्याच्या थेंबांचेही असू शकतील.
पंधराव्या फोटोत पानं ओलीच दिसतात.
सबब, कुळ मान्य. जात अनिश्चित.

ओडवारने दोन दिवस दार उघडलं नाही.
मी माशाचं कालवण पायरीवर ठेवून आले,
भांडं तिसऱ्या दिवशी धुतलेलं परत मिळालं.

मला वाईट वाटलं का?
थोडं.
त्या दुपारी थेंब नव्हता कुठे.
दोरीवर माझ्या चार चादरी होत्या,
तीन वाजेपर्यंत पापडासारख्या कडक झालेल्या.
पण चादरींचा फोटो
कोण काढून ठेवतं?