सामू साडेचार

आमच्या बेटाला कुदळ लावली की
आधी ठण्ण आवाज येतो, मग माती आठवते.
वीतभर काळी, तीही उसनी आणल्यासारखी,
आणि खाली चुनखडी. कधीकाळचा समुद्र,
शिंपल्यांसकट, पोवळ्यांसकट,
गोटलंड होऊन बसलेला.

माझे वडील चुन्याच्या भट्टीवर होते.
रविवारीसुद्धा त्यांच्या पापण्या पांढऱ्या असायच्या.
राउनी आली ती फिनलंडच्या जंगलातून,
जिथे चालताना टाचा शेवाळात बुडतात
आणि मुलं ऑगस्टभर निळ्या जिभा दाखवत फिरतात.
लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी ती म्हणाली,
"ब्लूबेरीची दोन झुडपं लावू या का?"
एवढ्या वर्षांत तिनं मागितलेली ही तिसरी गोष्ट.
पहिल्या दोन मी दिल्या नव्हत्या.

लावली. जूनमध्ये पानं पिवळी पडली,
शिरा तेवढ्या हिरव्या.
मातीत लोह होतं, रग्गड होतं,
चुन्यानं त्याला कुलूप घातलं होतं.
कोठार भरलेलं, आणि पाहुणा उपाशी.

सामू मोजला. पावणेआठ.
झुडपाला हवा साडेचार.
"सव्वातीनचा तर फरक," मी म्हणालो.
बियाण्यांच्या दुकानातली गुनवोर हसली.
"ही शिडी वेगळी आहे, बोत्वीद.
हिची एक पायरी म्हणजे दहा पट,
तीन उतरायच्या तर हजार."
सायकलवरून घरी येईपर्यंत
मी ते हजार मोजत होतो.

मग गंधक. पिवळी पूड, मूठमूठ.
गुनवोर म्हणाली होती, ते स्वतः काही करत नाही,
मातीतले जीव त्याला खातात,
खाऊन खाऊन माती आंबट करतात,
त्यांना ऊब लागते, ओल लागते, वर्ष लागतं.
मुरू दे.

मुरू देणं मला कधी जमलं नाही.
मी व्हिनेगर ओतलं. माती फसफसली,
बुडबुडे आले, वाटलं जिंकलो.
चार दिवसांनी पट्टीचा रंग पुन्हा तोच.
कॉफीचा चोथा टाकला. गांडुळं खूश झाली, एवढंच.
आणि रोज संध्याकाळी विहिरीचं पाणी, दोन बादल्या,
तेच पाणी, जे किटलीच्या बुडाशी
पांढरे पापुद्रे धरतं.
म्हणजे मीच, माझ्या हातानं,
झुडपांना चुना लावत होतो.

तिसऱ्या वर्षी एक झुडूप गेलं.
तेव्हा राउनी खिडकीतून बाहेर आली.
"बेटाशी भांडू नकोस, ते तुझ्याहून हट्टी आहे.
पेटी कर. जमिनीपासून उचललेली."
तिला हे कसं सुचलं, मी विचारलं नाही.
ओट्याच्या कोपऱ्यात तिच्या राईच्या पावाचं
आंबवणाचं मडकं आहे, माहेराहून आणलेलं.
एकतीस वर्षं तिनं त्याला
कुणाचा हात लागू दिलेला नाही.

जुन्या गोठ्याच्या फळ्यांची पेटी केली.
आत पीट, पाइनची साल,
आणि तिच्या भावानं कायनूहून धाडलेल्या
पाइनच्या सुया, दोन पोती.
बोटीवरच्या माणसानं विचारलं, यात काय?
मी म्हणालो, जंगल.
छपराला पन्हळ लावली, खाली पिंप.
आभाळाचं पाणी,
ज्यानं अजून खडक पाहिलेला नाही.

यंदा एक वाटी भरली.
तिनं एक फळ दातानं फोडलं. आतून हिरवट पांढरं.
"गोड आहे," म्हणाली,
आणि आरशापाशी जाऊन
जीभ बाहेर काढून बघत राहिली.
गुलाबी.
बागेतली जात वेगळी, जंगलातली वेगळी,
हे तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.
तरी ती बघत राहिली.

वाटी तिनंच संपवली. मला सात ठेवली.
संध्याकाळी पिंपाची तोटी सोडल्याचा आवाज आला.
मी पट्टी घेऊन गेलो, मातीत बोटं घातली,
चष्मा कपाळावरून खाली ओढला.
"पाच," मी म्हणालो.
झुडपाच्या पलीकडून, न दिसता,
ती म्हणाली, "अजून अर्धा."