तारीख

टोलीडोच्या कोर्टात सकाळी नऊला
माझं आडनाव तीनदा मोडून पुकारलं.
हिर्लेकरातला ‘कर’ तेवढा
कार होऊन शाबूत राहिला.

फाईलीत अकरा फोटो. जूनमधले,
शेजारी फूटपट्टी धरून काढलेले:
मेपलची फांदी, फांदीआड लाल अष्टकोन,
त्यातलं कसंबसं दिसणारं एक अक्षर.
आदल्या रात्री आरशापुढे उजळणी केलेली,
‘युअर ऑनर’नंतर किती दम घ्यायचा त्याचीसुद्धा.

तिकीट फाडणारा पोलीस आलाच नाही.
जज्जबाई म्हणाल्या, “डिसमिस्ड,”
आणि पुढचं नाव घेतलं.
मी उभाच.
म्हटलं, बाई, फोटो तरी...
कारकुनानं पेनानंच दार दाखवलं.

बाहेर बाकावर एक म्हातारा ट्रकवाला,
डोरसी नावाचा, स्वतःच्या तारखेला आलेला.
त्याच्या मांडीवर मांडले सगळे.
त्यानं अकराही नीट पाहिले, अंगठा न लावता.
मग विचारलं,
“पण तू थांबला होतास का?”

परतताना तोच चौक.
नोव्हेंबर. मेपलवर एक पान नाही,
चारही अक्षरं लख्ख.
मागचा हॉर्न वाजवत राहिला,
मी काही हललो नाही.